देवबागचें गोडें पाणी

मालवणहून दक्षिणेस तारकर्लीच्या पुढें गेलें, म्हणजे रस्ता देवबाग गांवांत शिरतो आणि तेथेंच संपतो. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदीची खाडी, आणि मध्यें माडांनीं भरलेली वाळूची निमुळती पट्टी, एवढाच हा गांव. कांहीं ठिकाणीं ती इतकी अरुंद आहे कीं, समुद्राकडे पाठ करून निघालेलें मूल पांच मिनिटांत खाडीवर पोंचतें.

उन्हाळ्याच्या सुटींत कुडाळास आलेलें एखादें मुंबईचें कुटुंब येथें एका दिवसाच्या सहलीस निघालें आहे, असें समजूं. जावें कोणत्या दिवशीं? किनाऱ्यावरचा माणूस वार पाहत नाहीं, तिथि पाहतो. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. पौर्णिमेस व अमावास्येस उधाण असतें आणि भरती साधारणतः मध्यान्हाच्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार कमी, आणि मध्यान्हाच्या सुमारास ओहोटी. संगमाजवळचा वाळूचा दांडा ओहोटीस उघडा पडतो. मुलांना त्यावर खेळावयाचें असेल, तर अष्टमी बरी. मात्र ओहोटीचें पाणी आणि नदीचा ओघ हीं दोन्ही समुद्राकडेच ओढतात, म्हणून संगमावर पोहणें नको. आणि होडीवाल्यानें “भरती लागली, आता चला,” म्हटलें, कीं वाळूचा किल्ला अर्धा टाकूनही उठावें.

दुपारीं माडाखालीं जेवण होतें. आजी विहिरीचें पाणी तोंडास लावते आणि चकित होते: दोहों बाजूंस खारें पाणी, मग हें गोडें कसें? मालवणच्या सिंधुदुर्गांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या विहिरी आहेत. पण १६६४ सालीं पायाभरणी झालेला तो किल्ला खडकावर उभा आहे. येथें तर निव्वळ वाळू!

कारण साधें आहे. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें. तें खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्यावर तरंगत राहतें. वाळूच्या कणांमुळें दोहोंची मिसळ फार सावकाश होते. शास्त्रज्ञांचा ठोकळ हिशेब असा कीं, गोडें पाणी समुद्रसपाटीच्या वर एक हात असेल, तर खालीं सुमारें चाळीस हात असतें. हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक हात कायमची उतरविली, तर खालचें खारें पाणी हळूहळू चाळीस हात वर सरकूं पाहतें. कळशीनें शेंदण्यानें जें घडत नव्हतें, तें पंपानें घडूं शकतें.

१९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला, आणि घरोघरीं पाहुणे येऊं लागले. त्यांच्यामुळें गांवास रोजगार मिळाला. पण ते येतात नेमके उन्हाळ्यांत, पाऊस लांब असतांना. दुसरीकडे पावसाळ्यांत समुद्र किनारा खातो. त्यासाठीं जागोजागीं दगडी बंधारे घालावे लागले आहेत. पट्टी जितकी अरुंद होईल, तितका खालचा गोड्या पाण्याचा थरही पातळ होईल.

म्हणून संध्याकाळीं परततांना मुलांना समुद्रस्नानाचें मीठ अंगावरून धुवावयाचें असेल, तर आजीनें एकच बादली काढून द्यावी. ती बादली गेल्या पावसाची शिल्लक आहे, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत गांवास तीवरच दिवस काढावयाचे आहेत.