उन्हाळी संशोधन आणि अंबरपेठचं सांडपाणी

अमीरपेठच्या गल्ल्यांत 'डेटा सायन्स शिका' अशा पाट्यांची कमी नाही. त्या क्लासमध्ये सॉफ्टवेअर शिकवतात आणि ते उपयोगीही असतं. पण उन्हाळी संशोधन प्रशिक्षण ही निराळी गोष्ट आहे. क्लासमध्ये उदाहरणही तयार असतं आणि उत्तरही. इथे मात्र एक मार्गदर्शक, साधारण आठ आठवडे आणि एक असा प्रश्न मिळतो, ज्याचं उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नसतं!

असा प्रश्न कसा असतो ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. मुसीच्या काठी, आपल्या अंबरपेठेतच शहरातलं एक मोठं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. त्याची क्षमता रोज 33.9 कोटी लिटर. त्या बाजूने जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, पण 2020 च्या उन्हाळा-पावसाळ्यात हैदराबादच्या सांडपाण्यानेच एक मोठी बातमी दिली. सीसीएमबी आणि आयआयसीटी या हबसीगुडा-तारनाका भागातल्या दोन संस्थांनी शहरातल्या प्रक्रिया केंद्रांतून नमुने घेऊन कोरोनाच्या विषाणूचे अंश मोजले. बाधित माणसाच्या विष्ठेतून ते अंश सुमारे 35 दिवसांपर्यंत बाहेर पडू शकतात, त्याला लक्षणं असोत वा नसोत. म्हणजे कुणाच्या नाकात काडी न घालताही शहराचा अंदाज येतो.

हिशेब वरवर शाळेतलाच वाटतो. एका लिटरमध्ये विषाणूचे किती अंश सापडले, त्याला रोजच्या एकूण लिटरने गुणायचं आणि एक बाधित माणूस रोज किती अंश सोडतो, त्या आकड्याने भागायचं. झालं! माणसांची संख्या आली. तपासलेल्या पाण्यावरून ती सुमारे 2 लाख आली.

पण खरं काम इथून पुढे आहे. 'एक माणूस किती सोडतो' हा भागाकारातला आकडा कुठून आणला? तो निम्मा धरला तर उत्तर थेट दुप्पट होतं. शिवाय शहराच्या पाण्यापैकी सुमारे 40 टक्केच या केंद्रांपर्यंत पोचतं. उरलेल्या शहराचा अंदाज बांधून 6.6 लाख हा आकडा ऑगस्ट 2020 मध्ये जाहीर झाला. हा अंदाज बांधताना एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे ज्यांच्या घरचं पाणी केंद्रात येत नाही, त्यांची स्थितीही इतरांसारखीच आहे. आता ज्या वस्तीत गटाराची लाइनच पोचलेली नाही, एका खोलीत सहा-सात माणसं राहतात, तिथे हे गृहीत टिकेल का? त्यांचा डेटा कमी नाही हो, तो मुळात नाहीच. माझ्या मते डेटा सायन्समधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच: या तक्त्यात कोण नाही? तो विचारायला कॉम्प्युटर लागत नाही, वस्ती माहीत असावी लागते.

मराठी वाचकाला इथे पां. वा. सुखात्मे आठवावेत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात 1911 साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ. शेतात छोटासा तुकडा आखून तिथलं पीक कापायचं आणि त्यावरून सगळ्या शेताचं उत्पादन काढायचं, या पद्धतीत तुकडा फार लहान असला तर उत्पादन फुगलेलं दिसतं, हे त्यांनी 1940 च्या दशकात दाखवलं. कारण अगदी साधं आहे. रेषेवरची ताटं आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितका या ओढाताणीचा वाटा मोठा. गणित बरोबर होतं, गडबड बांधावर होती.

आता शिक्षकांचं. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन 1987 पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असे उन्हाळी प्रकल्प चालवते, आणि शाळेच्या शिक्षकांसाठीही तिची वेगळी योजना आहे. आपल्याकडे बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिथेही विद्यार्थी आणि शिक्षक दोघं अर्ज करू शकतात. मला ही कल्पना फार आवडते. सर आणि त्यांचा विद्यार्थी एकाच टेबलावर बसून एकाच आकड्याकडे संशयाने बघताहेत, हे आपल्या वर्गात सहसा घडत नाही. आणि शिक्षक जूनमध्ये शाळेत परतला की सातवीच्या 'सरासरी'च्या धड्यात ताटं आणि बांध आपोआप येणार!

आता थोडं कामाचं. या फेलोशिपचे अर्ज उन्हाळ्यात नव्हे, साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात. एप्रिलमध्ये चौकशी करणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, तेव्हा आपल्या मॅडमना किंवा सरांना आधीच भेटून ठेवा. कोणत्या विषयावर काम करायचंय ते थोडक्यात लिहून द्यावं लागतं. तिथे 'मला डेटा सायन्सची आवड आहे' एवढंच लिहू नका. आपल्या गल्लीतला एखादा आकडा घ्या: नळाला पाणी किती वाजता येतं, कॉलेजच्या बसला रोज किती उशीर होतो. तो कुणी मोजला, कसा मोजला आणि त्यात कोण सुटलं, हे अर्ध्या पानात मांडा. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत करा. मराठीत लिहिताना आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही, ते लवकर उघडं पडतं.