शिलावर्तुळे आणि गावकूस

या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या महाविद्यालयातील पस्तीस विद्यार्थ्यांना घेऊन मी नागपूरजवळची शिलावर्तुळे पाहायला गेलो. सहल एका दिवसाची होती. सोबत माहिती सांगणारा मार्गदर्शक, दुपारचे जेवण आणि शेवटी एक 'पारंपरिक खेडे' पाहणे, असा कार्यक्रम आम्हाला आखून मिळाला होता. विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण घरात पहिल्यांदाच शिकणारे. मीही त्याच वाटेने आलेला. या सहलीत आम्हाला जे दाखवले गेले आणि जे दाखवले गेले नाही, ते दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिले पाहिजे असे वाटते, म्हणून हा लेख.

नागपूरहून काटोल रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले की जुनापाणी लागते. तेथे माळावर सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. पहिल्या नजरेला काहीच कळत नाही. झुडपांतून पडलेले काळे गोटे दिसतात. मग डोळ्यांना सवय होते आणि ध्यानात येते की हे गोटे गोल मांडलेले आहेत. आतली जमीन किंचित उंच आहे. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा संबंध दिशांशी असावा असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

ही वर्तुळे म्हणजे दफनाच्या जागा होत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, म्हणजे आजपासून अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, विदर्भात राहणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी त्या रचल्या. या संस्कृतीला अभ्यासक महापाषाण संस्कृती म्हणतात. मोठे दगड गोलाकार मांडायचे, मृताचे अवशेष आणि त्याच्या वस्तू आत ठेवायच्या, वर माती आणि गोट्यांची भर घालायची, अशी साधारण रीत. काही ठिकाणी पूर्ण सांगाडा मिळतो, तर काही ठिकाणी निवडक हाडेच मिळतात. म्हणजे देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर हाडे आणून पुरण्याचीही रीत असली पाहिजे.

ही वर्तुळे अभ्यासकांच्या नजरेस आली ती एकोणिसाव्या शतकात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्यांची पाहणी केली. १८६३ साली टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ते नदीत बुडून मरण पावले. जुनापाणीवर रिव्हेट-कार्नाक यांनी खोदकाम केले आणि १८७९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९६१ साली बी. के. थापर यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशी एकामागून एक स्थळे खणली आणि विदर्भाच्या या काळाचे चित्र स्पष्ट झाले.

मिळाले काय? काळी-तांबडी मातीची भांडी. लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्नी, बाणांची टोके. घोड्यांची हाडे, लोखंडी लगाम आणि घोड्याच्या तोंडावर बसवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार. माहुरझरीला सोन्याचे दागिने आणि रंगीत दगडांचे मणी. हे गाव मणी घडवण्याचे मोठे ठिकाण होते. पेंच नदीकाठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. तिच्या विटा आणि हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्याही मिळाल्या. ज्या विदर्भाला मागास म्हणायची सवय लागली आहे, त्या विदर्भात इतक्या जुन्या काळी लोखंड गाळणारे हात होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना कोणत्या पाठ्यपुस्तकात ठळकपणे वाचायला मिळते?

आमचा मार्गदर्शक हे सारे उत्साहाने सांगत होता. त्याच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येत होता : वीर. हा वीराचा घोडा, हा वीराचा खंजीर, हे वीराचे वर्तुळ. तेव्हा मागे उभी असलेली, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी म्हणाली, "पण सर, हे गोटे वाहून कोणी आणले असतील? वीराने तर नाही. तो मेला होता."

सगळे हसले. मला मात्र वाटले, दिवसभरातला सर्वांत शास्त्रीय प्रश्न हाच होता. एकेक दगड हलवायला अनेक माणसे लागतात. भट्टीपुढे बसून भाता चालवणारा कोणी होता. मण्याला बारीक भोक पाडता पाडता ज्याचे डोळे गेले असतील, असा कोणी होता. त्यांना वर्तुळ मिळाले का? सगळ्या वर्तुळांत सारख्या वस्तू सापडत नाहीत. कोठे सोने आणि घोडा, तर कोठे चार भांडी. त्यावरून त्या समाजातही मानाची उतरंड होती असा तर्क अभ्यासक करतात. आणि ज्यांच्यासाठी कोणी दगडच रचले नाहीत, त्यांचा पुरावा उरण्याचा मार्गच नाही. इतिहास दगडांनी लिहिला जातो तेव्हा दगड वाहणारा त्यातून गळतो. आजही उत्खननाच्या खड्ड्यात घमेली उचलणाऱ्या मजुरांची नावे अहवालात सहसा नसतात.

जेवताना दुसऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे आपलेच पूर्वज ना? जातीच्या आधीचे?"

हा प्रश्न मी समजू शकतो. ज्याचा इतिहास हिरावला गेला, त्याला तीन हजार वर्षांपूर्वीचे वर्तुळ आपले म्हणावेसे वाटणारच. पण येथे आपण सावध राहिले पाहिजे. हाडांवर जात लिहिलेली नसते. या लोकांची भाषा कोणती, ते स्वतःला काय म्हणवत, हे सांगणारा एकही लेख त्यांनी मागे ठेवलेला नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयी ग्रंथ लिहिला तेव्हा अस्पृश्यतेचा उगम त्यांनी सुमारे इ. स. ४०० च्या काळात ठेवला. पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते, हेही त्यांनी वाचकापासून लपवले नाही. त्या हिशेबाने ही वर्तुळे अस्पृश्यतेच्या कित्येक शतके आधीची ठरतात. यातून आपल्याला एक मोलाची गोष्ट मिळते : या मातीत माणसांनी अस्पृश्यतेवाचून शतकानुशतके जगून, मरून दाखवले आहे. अस्पृश्यता सनातन नाही. तिला सुरुवात आहे. ज्याला सुरुवात असते त्याला शेवटही असू शकतो. यासाठी खोटी वंशावळ जोडण्याची गरज नाही. प्रस्थापितांनी आपल्या सोयीचे पूर्वज घडवले म्हणून आपणही घडवावेत, हा परिवर्तनाचा मार्ग नव्हे.

दुपारनंतर बस 'पारंपरिक खेड्या'त गेली. मार्गदर्शकाने जुना वाडा दाखवला, त्याचे सागवानी खांब दाखवले. मारुतीचे देऊळ, पार, कुंभाराचे चाक, बैलगाडी. एका घरी चहा झाला. नंतर बस वळवून परत निघायची होती. समोर रस्ता पुढे जात होता आणि दोनशे पावलांवर निळा झेंडा दिसत होता. मी विचारले, तिकडे नाही का जायचे? तो म्हणाला, "तिकडं पाहण्यासारखं काही नाही, सर."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला शिकवलेल्या खेड्याची हद्दच तेथे संपत होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. तिचा अर्थ मला पुस्तकात कळला होता. त्या दिवशी बसच्या खिडकीतून दिसला.

आम्ही उतरून चालत गेलो. विहार होता, बाबासाहेबांचा पुतळा होता, आणि ओट्यावर एक म्हातारी निवडण बसली होती. विद्यार्थ्यांनी तिला गावाची रचना विचारली. ती हाताने दाखवू लागली : गावाची विहीर तिकडे, आपली इकडे, ओढा वरून गावाकडून येतो आणि मग आपल्याकडे येतो. एका मुलाने विचारले, "आजी, आणि स्मशान?" ती म्हणाली, "त्याईचं शेड हाय रस्त्यावर. आपलं नाल्याकडे. पावसाळ्यात मरू नाही मानसानं."

मी वहीत लिहीत होतो, लिहिणे थांबले. मी सातवीत असताना माझे आजोबा भर पावसात वारले. सरळ रस्ता गावातून जात होता. तो टाळून गुडघाभर चिखलातून तिरडी न्यावी लागली. लाकडे ओली होती आणि पैसे नव्हते, म्हणून दफन केले. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वडिलांनी मातीवर गोटे रचले. दोन वर्षांनी गेलो तेव्हा गोटे नव्हते; कोणीतरी धुऱ्याला नेले होते. जुनापाणीच्या परिसरातही हेच घडते आहे. नांगर, घरांचे प्लॉट आणि रस्ते यांनी विदर्भातली कितीतरी वर्तुळे गिळली आहेत. फरक एवढाच की त्या दगडांना पुरातत्त्व खात्याचा फलक मिळू शकतो.

कायदा काय म्हणतो, हे विद्यार्थ्यांना मी परतताना बसमध्ये सांगितले. १९५५ चा अस्पृश्यता प्रतिबंधक कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, अस्पृश्यतेच्या कारणाने स्मशान किंवा दफनभूमी वापरण्यास मज्जाव करणे हा गुन्हा ठरवतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनेही हे स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्या गावात दोन स्मशाने आहेत, त्या गावात प्रश्न परंपरेचा नसून कायद्याचा आणि माणुसकीचा आहे.

अशा सहली बंद कराव्यात असे माझे म्हणणे नाही. उलट त्या अधिक निघाव्यात. मात्र शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या हाती चार प्रश्न द्यावेत. हे कोणासाठी बांधले? कोणाच्या श्रमाने बांधले? कोणाला यात जागा मिळाली नाही? आणि आज या गावात मेलेला माणूस कोणत्या रस्त्याने जातो? पहिल्या तिन्हींची उत्तरे शोधायला उत्खनन लागते. चौथ्याचे उत्तर ओट्यावर बसलेली कोणतीही म्हातारी देते. फक्त बस तेथपर्यंत गेली पाहिजे.

पुढच्या वर्षी आम्ही त्या खेड्यात पुन्हा जाणार आहोत. या वेळी विद्यार्थी दोन्ही स्मशानांपर्यंतचे रस्ते पावलांनी मोजून नकाशा काढतील आणि तो ग्रामपंचायतीला देतील.