घोडा घेण्यापूर्वी अपेक्षा ठरवा

मार्गशीर्ष लागला की तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. त्यापाठोपाठ नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते. दोन्ही ठिकाणी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. कापूस, सोयाबीन विकून चार पैसे हाती आलेले असतात. हलगीवर नाचणारा तुकतुकीत घोडा दिसतो, मुलगा हट्ट धरतो आणि पाहतापाहता सौदा ठरतो. बैलजोडी घेताना चार गावे हिंडणारा, जोडी औताला जुंपून पाहणारा माणूस घोडा मात्र एका संध्याकाळी घेऊन मोकळा होतो.

पुढे वर्षभरात यातील काही जनावरे निम्म्या किमतीत विकावी लागतात. अशा वेळी घोड्यात दोष असतोच असे नाही. बहुतेक वेळा घेणाऱ्याची अपेक्षा एक असते आणि घोडा दुसऱ्याच कामाचा असतो.

ओळखीच्या एका द्राक्ष बागायतदाराचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. बारा वर्षांच्या मुलाला बसण्यासाठी त्यांनी अडीच वर्षांचा, नाचकाम शिकवलेला नर घेतला. बाजारात व्यापाऱ्याच्या माणसाने त्यावर बसून दाखविले होते. घरी आणल्यावर मात्र तो एकटा फाटकाबाहेर पडेना. ओढून नेला तर मागच्या पायांवर उभा राही. तिसऱ्या आठवड्यात मुलगा पडला, हात मोडला. खरे तर घोडा निकोप होता. जे शिकविले होते ते तो उत्तम करीत होता. मुलाला पाठीवर घेऊन शांतपणे बांधावरून फिरणे त्याला कोणी शिकविलेलेच नव्हते. पुढे त्याच घरात अकरा वर्षांची एक साधी कुमैत घोडी आली. तिच्याकडे बाजारात कोणी वळूनही पाहिले नव्हते. तिच्यावर दोन्ही मुले बसायला शिकली.

घोडा कशासाठी हवा?

हे घरातच ठरवावे, बाजारात नव्हे. बसण्यासाठी, वरातीसाठी, टांग्यासाठी, नाचकामासाठी की पैदाशीसाठी, यांपैकी एक मुख्य काम निश्चित करावे. सगळी कामे करणारा, देखणा, तरुण, गरीब स्वभावाचा आणि स्वस्त घोडा बाजारात मिळत नाही. मिळाला तर तो विकायला का आणला, हे आधी विचारावे. प्रत्येक घोड्यात काहीतरी उणे असतेच. कोणते उणे आपल्याला चालेल आणि कोणते चालणार नाही, हे ठरविणे म्हणजेच निवड. मुलांना बसण्यासाठीच्या घोड्याची मान आखूड असली, रंग साधा असला तरी चालते. पण तो लाथ मारणारा किंवा बुजणारा असून चालत नाही.

वरातीच्या धंद्याचा हिशेबही नीट करावा. लग्नाच्या तिथी वर्षातून मोजक्याच, चातुर्मासात तर जवळजवळ नाहीतच. चारा मात्र बारा महिने लागतो. शिवाय बँड, फटाके आणि गर्दी सोसणारे जनावर तयार व्हायला वेळ लागतो.

पैदाशीबाबत गैरसमज फार आहेत. घोडीचा गाभणकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो व एका वेळी एकच शिंगरू होते. दरवर्षी घोडी गाभण राहीलच याची खात्री नसते. जन्मलेले शिंगरू पाठीवर बसण्याजोगे व्हायला तीन वर्षे लागतात. तोवर खर्चच असतो. गाईसारखे दूध नाही, शेळीसारखी लवकर विक्री नाही. म्हणून पहिलीच घोडी पैदाशीच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढून घेऊ नये.

वय आणि शिकवण

"लहान घ्या, तुमच्या हातात तयार होईल" असा सल्ला बाजारात हमखास मिळतो. गोऱ्ह्याच्या बाबतीत तो कदाचित ठीक असेल, कारण बैल शिकविणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. घोडा शिकविणारा चाबूकस्वार आता तालुक्यात एखादा सापडला तर नशीब! नवशिका मालक आणि नवशिके जनावर ही जोडी धोक्याची असते. चांगली देखभाल असल्यास घोडा २५ वर्षांपर्यंत जगतो. म्हणून ८ ते १४ वर्षांचा, काम करून शांत झालेला घोडा म्हातारा समजू नये. प्रथमच घेणाऱ्याने घोडी किंवा खच्ची केलेला घोडा पाहावा. नर सांभाळणे अनुभवी माणसाचे काम आहे.

वय दातांवरून कळते, पण बैलाचे दात पाहणाऱ्याला घोड्याचे दात कळतातच असे नाही. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. घोड्याला वर सहा व खाली सहा असतात. मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी व कडेची साडेचार वर्षांनी बदलते. पाच वर्षांत घोडा जुळतो. खालच्या दातांच्या माथ्यावरील काळा खळगा मधल्या जोडीत सुमारे सहाव्या, शेजारच्या जोडीत सातव्या आणि कडेच्या जोडीत आठव्या वर्षी झिजून जातो. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीलगत तपकिरी चर दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत येते. आठ वर्षांनंतरचे वय अंदाजानेच सांगता येते. काळे खळगे कोरून वय लपविण्याची लबाडी जुनी आहे, तेव्हा शंका आल्यास पशुवैद्यकाला दात दाखवावेत.

रंग आणि भोवरे

नुकरा, पंचकल्याणी, देवमण असलेला घोडा म्हटला की किंमत चढते. एखादा भोवरा अशुभ ठरवून चांगले जनावर पाडून मागितले जाते. केसांच्या भोवऱ्याचा घोड्याच्या चालीशी, ताकदीशी किंवा आरोग्याशी संबंध नाही. पुढे विकताना गिऱ्हाईक भोवरे पाहील, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. उलट बसण्यासाठीच घोडा हवा असेल, तर लोकांनी भोवऱ्यापायी नाकारलेले गुणी जनावर आपल्याला कमी किमतीत मिळू शकते.

जातीबाबतही तसेच. मारवाडी आणि काठेवाडी घोडे आत वळलेल्या कानांमुळे लगेच ओळखू येतात व त्यांना मागणीही मोठी असते. आपल्या भीमा खोऱ्यातील भीमथडी घोडा दिसायला तेवढा रुबाबदार नसेल, पण काटक आहे. अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. मेंढपाळांबरोबर बिऱ्हाड वाहून नेणारी ही जनावरे कमी चाऱ्यावर निभावतात.

बाजारात पाहताना

घोडा दोन वेळा पाहावा, शक्य तर वेगवेगळ्या दिवशी. खोगीर चढविण्याआधीच पोहोचावे. मोहरकी घालताना, लगाम देताना, पाय उचलताना तो कसा वागतो ते पाहावे. आधी मालकाला बसायला सांगावे, मग घरात जो बसणार आहे त्याने बसावे. इतर घोड्यांपासून दूर, एकटा नेऊन पाहावा. बागायतदाराच्या उदाहरणात एवढे केले असते तरी पुरे होते.

नंतर कडक जमिनीवर दुडक्या चालीने सरळ पळवावा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोके वर उडते. खुरांना चिरा, गरमपणा किंवा दुर्गंधी नसावी. लाकूड दाताने धरून वारा गिळण्याची खोड आहे का, हे पाहण्यासाठी ठाणावर थोडा वेळ नुसते उभे राहावे. विश्रांतीच्या स्थितीत नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान सुमारे ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते.

नाकातून घट्ट चिकट स्राव, नाकात व्रण, पायांवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर त्या जनावराला हातही लावू नये. ही ग्लँडर्स रोगाची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. काही घोड्यांत बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून रक्त तपासणीचा अहवाल येईपर्यंत फक्त विसार द्यावा, पूर्ण रक्कम देऊ नये. विक्रेता यास तयार नसेल तर दुसरा घोडा पाहावा. यात्रेत घोड्यांची कमतरता नसते.

वर्षाचा खर्च

खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, चारा रोज लागतो. ३५० किलो वजनाच्या घोड्याला वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे रोज ७ ते ९ किलो कोरडा आहार लागतो. वर्षाला हे अडीच ते सव्वातीन टन होते. यात बराचसा भाग चांगल्या वाळलेल्या गवताचा असावा व कामानुसार एक ते दोन किलो चंदी द्यावी. दिवसाला २५ ते ४० लिटर स्वच्छ पाणी लागते. दर ६ ते ८ आठवड्यांनी खुरे कापावी लागतात. धनुर्वाताची लस, जंतनाशक आणि सर्रा रोगावरील उपचार हा खर्च वेगळा. आपल्या भागातील भाव घालून ही बेरीज कागदावर करावी. जवळ नालबंद कोण आहे, हेही खरेदीपूर्वीच शोधावे.

गोठ्यातले खाद्य घोड्याला चालेल असे समजू नये. गाईंच्या किंवा कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असल्यास ते घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते हे आपणास ठाऊक आहेच. घोड्याला हिरवी ज्वारी दीर्घकाळ दिली तर मूत्राशय बिघडते व मागचे पाय लटपटतात. नुसता संकरित नेपियर आणि गव्हाचा कोंडा यांवर ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतील चुना कमी होतो. हौसेपोटी पाटीभर हरभरा घालणे तर सर्वांत वाईट. त्याने पोटशूळ होतो किंवा खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडतो.

घरी आणल्यावर

नवा घोडा तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा बांधावा. पूर्वीच्या मालकाकडून आठवडाभराचा चारा बरोबर आणावा आणि आपला चारा ८ ते १० दिवसांत हळूहळू मिसळत जावा. पहिले काही दिवस फक्त खरारा करावा, हाताने फिरवावे. जागा, माणसे, कुत्री, ट्रॅक्टरचा आवाज सगळेच त्याला नवे असते. बाजारात शांत वाटलेला घोडा या काळात बुजतो. तसेच थकून शांत दिसलेला घोडा विश्रांतीनंतर तेज होतो. खरा स्वभाव कळायला दोन-तीन महिने लागतात.

घोडा सारखा पोटाकडे पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला, लीद बंद झाली तर पोटशूळ समजून ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातील ताण बाहेर पडायला वाट नसते. बाटलीने तेल किंवा काढा पाजू नये. तो फुप्फुसात गेल्यास घोडा दगावतो. डॉक्टर येईपर्यंत चारा काढून घ्यावा आणि घोडा शांत असेल तर हळूहळू चालवत ठेवावा.