पोटदुखी खरी, रिपोर्ट मात्र नॉर्मल

दहावीच्या वर्षात मुलाचे पोट दुखू लागते. शाळेच्या वेळी जास्त, रविवारी कमी. रक्त, लघवी, सोनोग्राफी सारे तपासून होते आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. मग घरातली वडीलधारी मंडळी निकाल देतात, "सोंग करतोय, अभ्यास नको म्हणून!" पालकहो, हे बहुधा सोंग नसते. पोट खरोखर दुखते.

आतड्यांभोवती मज्जातंतूंचे दाट जाळे असते व त्याचा मेंदूशी सतत संपर्क असतो. मनावर ताण आला की मेंदू शरीराला धोक्याची सूचना देतो. ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, मानेचे स्नायू आखडून डोके दुखते, आतड्यांची चाल बिघडते. एरवी न जाणवणारी आतड्यांची हालचालही मग कळ होऊन जाणवते. अशा दुखण्याला मनोकायिक म्हणतात. गंमत अशी, की ही सारी तयारी पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते, आणि मूल मात्र वहीसमोर बसलेले असते!

म्हणून खेळ हवा. खेळाने ताण हलका होतो, झोपही चांगली लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. २०१६ सालच्या आकडेवारीप्रमाणे जगातील ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुले तेवढी करत नव्हती.

'आमची खेड्यातली मुले आपोआप हिंडतात-फिरतात' हा समज आता सोडावा. शाळेला गाडी, संध्याकाळी क्लास, रात्री मोबाइल. त्यात आपल्याकडे बिबट्या. जुन्नर-आंबेगावात कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले फार वाढले होते, आणि ती भीती आजही गेलेली नाही. वस्तीवरच्या मुलांचे तिन्हीसांजेचे हुंदडणे त्यामुळे बंद झाले. भीती खोटी नाही. अंधारात मुलांना बाहेर सोडा, असे कोणीही सांगणार नाही. पण मग खेळ उजेडात बसवला पाहिजे. शाळा सुटल्यावर तासभर मैदानावरच कबड्डी, खो-खो होऊ द्या आणि सर्वांना एकत्रच घरी आणा. क्लास थोडा उशिरा भरला तर काही बिघडत नाही. मुलींना तर यातून मुळीच वगळू नका. जमत नसेल त्या दिवशी ओट्यावर दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार आहेतच. बिबट्याविषयी मुलाला काय वाटते, हेही एकदा विचारा. पोटातला गोळा कधी कधी त्याचाच असतो.

झोप १३ ते १८ वयात ८ ते १० तास हवी. मोबाइल रात्री आईवडिलांच्या खोलीत ठेवावा (आईवडिलांनीही तो बंद करावा!). सकाळी नुसत्या चहा-बटरवर शाळेत पाठवू नये. भाजी-भाकरी किंवा उसळ पोटात जाऊ द्या.

मात्र प्रत्येक दुखणे मनाचे नसते. वजन घटणे, दुखण्याने रात्री जाग येणे, शौचातून रक्त, ताप, वारंवार उलट्या, सकाळी डोकेदुखीबरोबर उलटी किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे लगेच जावे. मूल गप्प-गप्प राहू लागले, खेळ व मित्र सोडू लागले किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.