मोगली कोणत्या क्रमाने वाचावा?

घळीत दोन्ही बाजूंनी म्हशींचा कळप उधळतो आणि शेर खान वाघ तुडवला जाऊन मरतो. मोगली त्याचं कातडं सोलतो, सभेच्या खडकावर पसरतो. इथवर पहिल्या पुस्तकातला मोगली. आता दुसरं उघडा. पहिल्याच गोष्टीत हा शेर खान जिवंत, ऐटीत नदीवर पाणी प्यायला आलेला!

रड्यार्ड किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४चं, दुसरा भाग १८९५चा. दोन्हींत मिळून मोगलीच्या आठ गोष्टी, पण त्याच्या वयाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच गोष्टीत लांडग्यांच्या गुहेत आलेलं, नुकतंच चालू लागलेलं पोर पाहता पाहता दहा-अकरा वर्षांचं होतं. मधली वर्षं लेखक सरळ ओलांडतो. त्याच मोकळ्या जागेत पुढे दोन गोष्टी येऊन बसतात. एक माकडांनी मोगलीला पळवल्याची, ज्यात का अजगर भेटतो. दुसरी दुष्काळाची.

ही दुष्काळाची गोष्ट मला सगळ्यांत थोर वाटते. मोहाला फूल येत नाही, कंद सुकल्याची बातमी साळिंदर आणतं, वैनगंगा आटते आणि पात्रातला एक खडक उघडा पडतो. तो दिसला की हाथी नावाचा हत्ती पाण्याचा तह पुकारतो. मग वाघ आणि हरीण एकाच काठावर पाणी पितात, तिथे शिकार करणाऱ्याला मरणाची शिक्षा. ही वैनगंगा आपलीच: सिवनीत उगम पावून भंडारा, पवनीवरून पुढे गडचिरोलीकडे जाणारी. नंतरच्या एका गोष्टीत कोळसुनांची टोळी लांडग्यांवर चालून येते, तीही दख्खनहून. या झुंजीत म्हातारा लांडगा अकेला जातो.

सगळ्यांत नवल शेवटाचं आहे. मोगली पुढे मोठा झाला, त्याचं लग्न झालं, पण ती गोष्ट मोठ्यांसाठी, असं लेखक पहिल्या भागातच सांगून टाकतो. ती गोष्ट तेव्हा छापूनही झाली होती! १८९३च्या ‘मेनी इन्व्हेन्शन्स’ या संग्रहात मोगली तरुण आहे, जंगल खात्यात नोकरीला लागतो. म्हणजे वाचकांपुढे आधी बाप्या आला, त्याचं बालपण मागाहून.

मुलांना पहिल्यांदा वाचून दाखवताना छापील क्रमच धरावा. मेलेला शेर खान पुन्हा दिसल्यावर त्यांचे डोळे कसे विस्फारतात, ते पाहण्यासारखं असतं. दुसऱ्या वाचनाला मात्र मोगलीच्या वयाने चला: पहिली गोष्ट, मग माकडं, मग दुष्काळ, त्यानंतर शेर खानचा शेवट, गावावर सोडलेलं रान, राजाचा अंकुश, कोळसुनं आणि वसंत. जंगल खात्याची गोष्ट मुलं मोठी होईपर्यंत राखून ठेवा.