दिसला किडा की फवारणी? जरा थांबा!

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा हे सती नदीकाठचे तालुक्याचे गाव. भोवताली धानाची शेती आणि त्यापलीकडे जंगल. पावसाळा स्थिरावला की परसबागेतल्या वांगी-भेंडीसोबत नाना रंगांचे अनोळखी कीटकही हजर होतात. असा किडा दिसताच हात फवारणीच्या पंपाकडे जातो, मग बाग गावातली असो वा शहरातल्या गच्चीवरची. वस्तुतः पहिला प्रश्न ‘याला मारायचे कसे’ हा नसून ‘हा खातो काय’ हा असला पाहिजे.

सारखे रूप, वेगळा आहार

वांग्याच्या झाडावर दिसणारे दोन ठिपकेदार भुंगेरे याचे उत्तम उदाहरण ठरतात. गुळगुळीत, चकचकीत पाठीचा ढालकिडा हा मावा फस्त करणारा शेतकऱ्याचा मित्र. त्याची काळसर, लांबट अळी इवल्याशा मगरीसारखी दिसते आणि भीतीपोटी तिलाच आधी चिरडले जाते. प्रत्यक्षात तीही मावाच खात असते. याच कुळातील एपिलॅक्ना भुंगेरा मात्र पाने कुरतडतो. त्याची पाठ निस्तेज असते, तिच्यावर बारीक लव असते आणि ठिपके बहुधा २८ असतात. त्याची अळी पिवळी, काटेरी. शिरा तेवढ्या ठेवून ती पानाची जाळी करते. पानावर जाळी दिसली तर शत्रू आणि मावा दिसला तर मित्र, अशी ही साधी खूण आहे.

पान खाणारा प्रत्येक जण शत्रू नव्हे

पान खाल्ले म्हणजे कीड, हेही सरसकट खरे नाही. कुरखेड्याच्या पट्ट्यातील आरमोरी हे गाव टसर रेशमासाठी ओळखले जाते. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणारी टसरची हिरवीगार अळी झाडाचा पाला संपवते, पण तिच्या कोशावर ढिवर समाजातील अनेक कुटुंबांची मिळकत अवलंबून असते. भाजीच्या वाफ्यात अळ्या टिपणारा प्रार्थना कीटक आपला मित्र असतो. टसरच्या झाडावर तोच नुकसान करतो. म्हणजे मित्र की शत्रू, हे कीटकाच्या जातीइतकेच आपण काय पिकवतो यावरही ठरते.

मित्र मेला की कीड फोफावते

सरसकट फवारणीत मावा मरतो, तसे ढालकिडे, क्रायसोपा आणि परोपजीवी गांधीलमाश्याही मरतात. मावा झपाट्याने पुन्हा वाढतो. त्याला खाणाऱ्यांची संख्या सावरायला मात्र वेळ लागतो. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. अंगावरील मेणचट आवरणामुळे तो फवारणीला फारसा दाद देत नव्हता. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाशीने त्याला आवर घातला. फवारणीचा धोका माणसालाही असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

निर्णय कसा घ्यावा?

* सकाळी पानाची खालची बाजू पाहावी. किडा पान खातो, रस शोषतो की दुसऱ्या किड्याला खातो, हे काही वेळ निरखावे.
* अंडी दिसली तर लगेच पुसू नयेत. दोऱ्यासारख्या देठाच्या टोकावर असलेली अंडी बहुधा क्रायसोपाची, म्हणजे मित्राची असतात.
* नुकसान मोजावे. दोन-चार पानांना भोके पडल्याने पीक जात नाही.
* नुकसान वाढत असेल तर आधी अळ्या हाताने वेचाव्यात, किडकी पाने तोडावीत. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा.
* ओळख पटत नसेल तर किडा बाटलीत घालून अथवा त्याचे छायाचित्र काढून कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवावे. गडचिरोली जिल्ह्यासाठी असे केंद्र सोनापूर येथे आहे.

औषध फवारायचेच झाले, तर ते नेमक्या किडीसाठी आणि नेमक्या झाडापुरते असावे. भाजी घरातच शिजणार असल्याने फवारणीनंतर किती दिवसांनी ती तोडावी, हे वेष्टनावर वाचणे अगत्याचे आहे. दोन दिवस थांबून निरखल्याने बाग सहसा बुडत नाही. घाईने मारलेला मित्र मात्र लवकर परतत नाही.