भिंत कुठे, गवत कुठे

दिवाळीच्या खरेदीला आपण सगळेच ओक ट्री रोडला जातो. उटणं, पणत्या, भाजणी घेतली की घरी परत. तिथून काही मैलांवर, त्याच वुडब्रिज टाउनशिपमध्ये, वॉटसन-क्रॅम्पटन नावाची वस्ती होती. यंदा मी मुलीला घेऊन मुद्दाम तिकडे गेले. मधूनच एखादं घर उभं, बाकी गवत आणि नवी झाडं. "इथली मुलं आता कुठल्या शाळेत जातात?" तिनं विचारलं. मी एके काळची शिक्षिका, पण उत्तर नव्हतं.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीच्या 'ब्लू एकर्स' योजनेनं इथली शंभराहून अधिक घरं विकत घेऊन पाडली. सक्ती नव्हती, भावही वादळाआधीचा मिळाला. पाण्याला पसरायला जागा मिळाली हे खरंच. पण शेजार गेला, टाउनशिपचा घरपट्टीचा पैसाही गेला.

तिकडे होबोकनला, जेमतेम चौरस मैलभरात साठ हजार माणसं. तिथल्या आणि शेजारच्या वीहॉकन-जर्सी सिटीच्या काही भागाच्या रक्षणासाठी केंद्र सरकारनं २०१४ मध्ये २३ कोटी डॉलर दिले. ब्लू एकर्सला सँडीनंतर राज्यभरातल्या १३०० घरांसाठी सुमारे ३० कोटी. एका ठिकाणी भिंत, दुसरीकडे गवत.

यात अन्याय आहे का? मला सरसकट तसं वाटत नाही. एवढ्या दाटीच्या गावाला उठवून नेणार कुठे? खटकतो तो हिशेब. सरकारी निधी मागताना दाखवावं लागतं की खर्चाइतकं तरी नुकसान टळेल. मग जिथे इमारती महाग, तिथे भिंतीचं गणित चटकन जमतं. साध्या घरांच्या गल्लीत चाळीस वर्षांच्या शेजाराला त्या कागदावर रकाना नसतो. त्यात फेमाचा 'ब्रिक' निधी, जो संकट येण्याआधीच्या कामांसाठी होता, तो एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि न्यू जर्सीसह वीस राज्यं कोर्टात गेली. म्हणजे रांग तीच, ताटं कमी.

माझं सासर पेणकडचं. खाडीच्या बांधाला खांड पडली की सगळा गाव माती घेऊन धावायचा, असं सासूबाई सांगतात. खारं पाणी एकाच्या शेतात शिरलं तरी उद्या आपल्याकडे येणार, हे सगळ्यांना ठाऊक. अर्थात तिथेही आधी कुणाची बाजू बुजवायची यावरून भांडणं व्हायचीच, हेही त्याच सांगतात!

होबोकनच्या लोकांनी सुनावण्यांना गर्दी केली, हरकती घेतल्या, तेव्हा नदीकाठाने जाणाऱ्या भिंतीचा मार्ग बदलला. आपल्यापैकी किती जण अशा बैठकीला जातात? मी तरी आजवर एकदाही गेलेले नाही.

आमच्या टाउनशिपच्या पुढच्या बैठकीची तारीख फ्रिजवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे. त्याच संध्याकाळी मुलीचा नाचाचा क्लास असतो. तिला सोडायचं काम ह्यांच्याकडे दिलं आहे.